ओठ बधिर होण्याची शक्यता

माझी खालची डावी अक्कलदाढ आडवी होती. हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं, तेही दिवाळीच्या चिवड्यातल्या एका शेंगदाण्यामुळे. शेंगदाणा शेवटच्या दाढेमागे कुठेतरी गेला तो निघेना, आणि तिसऱ्या दिवशी गाल सुजला. "उशिरा का होईना, अक्कल येतेय," आई म्हणाली आणि मिठाचं पाणी गरम करायला उठली. आमच्या घरात दुखणाऱ्या माणसाची आधी थट्टा होते, मग सेवा.

धामणकर नाक्यावर चपलांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. तिथली डॉक्टर माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, भिवंडीतच वाढलेली. मराठीत बोलायला सुरुवात करते आणि घाई झाली की हिंदीत शिरते. खाली शेअर रिक्षावाले सीट भरायला ओरडत असतात, म्हणून ती जवळ वाकून बोलते. तिने पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून आणायला लावला आणि उजेडाला धरून दाखवला. वरच्या दोन्ही अक्कलदाढा सरळ, आपापल्या जागी. खालची उजवी मुळात आलीच नव्हती. डावी मात्र हाडात आडवी झोपली होती, पुढच्या दाढेला डोकं टेकून.

"वरच्या राहू द्या, त्यांचा काही त्रास नाही," ती म्हणाली. "हिचं तुम्ही ठरवा, मॅडम. ठेवायची तर ठेवा, जबरदस्ती नाही. लेकिन फिर से सूजेगा, मैं लिख के देती हूँ. काढायची तर गुरुवारी ठाण्याहून सर्जन येतात, ते काढतील."

मग तिने पेनाच्या टोकाने दाढेच्या मुळांखालून जाणारी एक फिकट रेघ दाखवली. त्या नळीतून नस जाते. माझ्या दाढेची मुळं तिला टेकली होती. "म्हणून आधी हे वाचा," असं म्हणत तिने एक छापील कागद दिला. संमतिपत्र होतं, मराठीत. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे सवयीने आधी शुद्धलेखनाच्या चुका शोधल्या. दोन सापडल्या. तिसऱ्या मुद्द्यापाशी थांबले. 'शस्त्रक्रियेनंतर खालचा ओठ व हनुवटी यांचा काही भाग तात्पुरता किंवा क्वचित कायमस्वरूपी बधिर होण्याची शक्यता असते.'

मी कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली आणि "विचार करून सांगते" म्हणून जिना उतरले. विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दाढ राहणार होती.

आमच्या घरात 'बधिर' हा शब्द आधीपासून वापरात आहे. माझे वडील बधिर आहेत. त्यांच्या सरकारी दाखल्यावर 'कर्णबधिर' असं लिहिलंय आणि आईला तो शब्द आवडत नाही. तिच्या मते त्यांना 'थोडं कमी' ऐकू येतं. थोडं कमी म्हणजे दारावरची बेल, प्रेशर कुकरची शिट्टी आणि आई, या तिन्ही गोष्टी त्यांना ऐकू येत नाहीत.

बाबा लूमच्या कारखान्यात क्लार्क होते. लूम म्हणजे यंत्रमाग, पण भिवंडीत यंत्रमाग फक्त पाटीवर लिहितात. कामगारांची हजेरी, कुठल्या लूमवर सुताचा कुठला बीम चढलाय, कापडाचे किती ताके उतरले, हे सगळं ते लिहायचे. बसायची जागा म्हणजे शेडच्याच एका कोपऱ्यात प्लायवूडचा आडोसा. बाहेर अठ्ठेचाळीस लूम. तीस वर्षं तो आवाज त्यांच्या कानांत गेला आणि त्याने कानांतलं बाकीचं सगळं हळूहळू बाहेर काढलं. शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी घरात ते थोडे हरवल्यासारखे वावरायचे, एवढं मला लहानपणचं आठवतं.

बाहेरच्यांना वाटतं, लूममध्ये लोक एकमेकांशी ओरडून बोलत असतील. अजिबात नाही. ओरडून उपयोगच नसतो. तिथे लोक आवाज न काढता बोलतात, ओठ मोठे मोठे हलवून. कामगार यूपीचे, बिहारचे, तेलंगणाकडचे, पण ओठांवर सगळ्यांची एकच हिंदी. 'धागा टूटा', 'बीम खतम', 'चाय'. शेडच्या या टोकावरून त्या टोकाला चाळीस फुटांवर निरोप जातो आणि कुणाचा घसा कोरडा पडत नाही. मी तिसरीत असल्यापासून सकाळची शाळा सुटली की बाबांचा डबा घेऊन जायचे, त्यामुळे ही बोली मला आपोआप आली. दारात उभं राहायचं, बाबांनी वर बघितलं की ओठांनी सांगायचं: डब्यात काय आहे, आईने काय आणायला सांगितलंय, बाईंनी किती छड्या मारल्या.

एक अडचण होती. ओठांवर 'प', 'ब' आणि 'म' यांत काही फरक दिसत नाही. तिन्हींना ओठ मिटतात आणि उघडतात. मी 'बाबा' म्हटलं की दारापाशी लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरला वाटायचं, पोरीने 'मामा' म्हटलं. तो बिचारा हातातला पाना खाली ठेवून यायचा. तीन-चार वेळा असं झाल्यावर बाबांनी तोड काढली. त्यांच्या हनुवटीवर तीळ आहे. बाबा म्हणायचं असेल तर मी माझ्या हनुवटीला बोट लावायचं. तेव्हापासून मी त्यांना तसंच हाक मारते. बोलताना 'बाबा' क्वचितच म्हणते, आणि लिहिताना तर तो शब्द मला परका वाटतो.

पुढे कारखाना बंद झाला. शेडच्या जागी आता गोदाम आहे, आणि लूमवर काम करणारी बरीच माणसं दापोड्याच्या, मानकोलीच्या मोठ्या गोदामांत गेली. बाबा घरी बसले. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती इथे नकोत. संध्याकाळी शाळेतून आले की मी त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढते आणि दिवसभराचं सगळं सांगते. आवाज न काढता. मुख्याध्यापिका काय म्हणाल्या, कुठल्या मुलाने 'शहामृग'ला 'शहाणा मृग' लिहिलं, नाक्यावर किती वेळ अडकले. बाबा आवाजात उत्तर देतात, मी ओठांत बोलते. आई याला 'तुमचं मुकं चर्‍हाट' म्हणते. तिला आमची बोली आली नाही, कारण तिला समोर बसून बोलायची सवयच नाही. ती ओट्याकडे तोंड करून, पाठमोरी, एका दमात बोलते आणि हसताना तोंडावर पदर घेते. बाबांना तिच्या वाक्यांतले एकदोन शब्द मिळतात, बाकीचे मी जोडून देते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना कानाचं मशीन आणलं होतं. तीन दिवस लावलं, चौथ्या दिवशी डबीत घालून कपाटात ठेवलं. "यातून फक्त लूमच ऐकू येतात," म्हणाले. आमच्या इमारतीमागे अजूनही आठ लूमची एक शेड चालते, तेव्हा मला ते पटलं. मशीनचा विषय मी पुन्हा काढला नाही.

म्हणजे बाबांच्या जगात बोलणारं माणूस म्हणाल तर मी एकटी. आणि बोलायला माझ्याकडे आवाज नाही, ओठ आहेत. त्यातही खालचा. वरचा ओठ नुसता बसून असतो, काम खालचा करतो. आरशासमोर 'प फ ब भ म' म्हणून बघा. ही पाच अक्षरं ओष्ठ्य आहेत हे मी दरवर्षी मुलांना शिकवते.

शिवाय माझ्याकडे पुरावाही होता. काही महिन्यांपूर्वी त्याच दवाखान्यात एक दाढ भरून घेतली होती. इंजेक्शन दिलेलं, घरी आले तेव्हा ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. चहा हनुवटीवरून ओघळला. बाबांसमोर बसून बोलायला लागले तर ते नुसते बघत राहिले. "काय? परत सांग." परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. शेवटी ते हसून "आज लूम बंद दिसतोय" म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला. इंजेक्शन उतरायला दोन तास लागले. ते दोन तास मला चांगलेच आठवत होते. तेव्हा 'कायमस्वरूपी' हा शब्द वाचल्यावर मला कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. बधिर कान ऐकत नाही, बधिर ओठ बोलणार नाही. इतकं सरळ होतं.

त्यानंतर वर्षभर मी ती दाढ सांभाळली. ती दोन-अडीच महिन्यांनी एकदा सुजायची. मिठाच्या गुळण्या, पाच दिवस गोळ्या, उजव्या बाजूने जेवण, आणि मग पुन्हा काही झालंच नाही असं वागायचं. स्टाफरूममध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता. एका बाईंच्या मते दाढ काढली की डोळ्यांना कमी दिसतं, त्यांच्या जावेचं तसं झालं होतं. दुसऱ्या लवंगेचं तेल घेऊन आल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी डोंगराकडच्या पाड्यावरून येतात, त्यांनी एकदा माझा गाल बघितला आणि हातातला झारा तसाच धरून म्हणाल्या, "बाय, काढून टाक ती. कामाची न्हाय. घास चावत न्हाय, उगा बसून हाय आन दुसऱ्याला ढकलतेय."

एवढं स्पष्ट निदान डॉक्टरनेही केलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, मला इंजेक्शनची भीती वाटते."

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी मिळून मला आदर्श कन्या करून टाकलं असतं, आणि ते मला झेपत नाही. आईला सांगितलं असतं तर तिने ते बाबांना सांगितलं असतं, आणि बाबांना कळू नये हाच तर मुद्दा होता. ते आपले दर वेळी म्हणायचे, "काढून टाक ना एकदाची." मी म्हणायचे, "बघू." या 'बघू'मध्ये 'ब' आहे. तो ओठ मिटून उघडताना मला दर वेळी बरं वाटायचं.

सहामाही परीक्षेच्या आठवड्यात दाढेने सगळा हिशेब उलटा केला. गाल सुजला तो सुजलाच, वर जबडा आवळला. तोंडात बोटसुद्धा जाईना. पातळ वरणाचा चमचा तिरका करून आत सोडायला लागायचा. पहिल्या संध्याकाळी मी बाबांसमोर बसले आणि जमेल तसे ओठ हलवले. "काय पुटपुटतेस? तोंड उघड," ते म्हणाले. दुसऱ्या संध्याकाळी मी दोन वाक्यं बोलून उठले. तिसऱ्या संध्याकाळी स्टूल ओढलंच नाही, पेपर तपासायचे आहेत असं खुणेने सांगून आत गेले. बाबांना आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाज नसतो. आईच्या कानात सांगतोय असं समजून ते बाहेर म्हणाले, "ती माझ्यावर चिडलीय का गं?"

मी आत उत्तरपत्रिकांवर लाल पेन धरून बसले होते आणि मला रडू आलं. रडतानाही जबडा उघडत नव्हता, त्यामुळे ते काही धड जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. शाळा सुटल्यावर तशीच दवाखान्यात गेले. सर्जन तिथेच होते, पन्नाशीचे, कामाचं तेवढंच बोलणारे. त्यांनी माझा एक्स-रे पाहिला, जबडा किती उघडतो ते पाहिलं, आणि म्हणाले, "वर्षभर कशासाठी ठेवलीत ही? पुढची चांगली दाढसुद्धा किडायला लागलीय."

मी थकले होते. खोटं बोलायलाही तोंड उघडावं लागतं. पहिल्यांदाच खरं सांगितलं. दातांवर दात धरून, तुटक तुटक. वडिलांना ऐकू येत नाही. ते माझे ओठ वाचतात. ओठ बधिर झाला तर हलणार नाही. हलला नाही तर मी त्यांच्याशी बोलणार कशी?

सर्जननी हातमोजे काढत असताना मध्येच हात थांबवला. "हलणार नाही असं कोण म्हणालं?"

मी पर्समधून तो कागद काढला. वर्षभर पर्समध्ये राहून त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. बोट ठेवून शब्द दाखवला.

"बधिर म्हणजे लुळा नव्हे," ते म्हणाले. "ही नस फक्त कळवते. गरम, गार, बोट लागलं, शीत चिकटलं. ओठ हलवणारी नस वेगळी आहे, ती कानाजवळून गालातून येते, तिचा या दाढेशी काही संबंध नाही. समजा वाईटात वाईट झालं, तरी ओठ हलेल, बोलेल. फक्त तो हललेला तुम्हाला कळणार नाही. समोरच्याला दिसेल."

मी दाढ भरल्या दिवशीची गोष्ट सांगितली. बाबांना काहीच वाचता आलं नव्हतं ते.

"त्या दिवशी आरशात पाहिलं होतंत?"

नव्हतं पाहिलं.

"ओठ वाकडा दिसेल म्हणून तुम्हीच आवळून धरला असेल. बरेच जण धरतात."

बाजूला आमची डॉक्टर उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, एक बार पूछ तो लेते. तुम्ही तर मराठी शिकवता." मला तिचा रागही आला नाही. दरवर्षी मुलांना सांगते, एका शब्दाचे दोन अर्थ असतात, वाक्य बघून अर्थ ठरवा. बधिर कानाला काम करता येत नाही, बधिर ओठाला येतं, एवढं मला समजायला हवं होतं. एका विशेषणाला घाबरून मी अख्खं वर्ष काढलं होतं. नाक्यावरून घरी चालत आले, रिक्षा केली नाही, कारण मला स्वतःला तेवढी तरी शिक्षा करायची होती.

आधी सूज उतरवायला आठवडाभर गोळ्या, आणि पुढच्या गुरुवारी दाढ काढायची ठरली. मी सही केली. बाबांना सांगितलं की काढतेय. जबडा थोडा सुटला होता, तेवढं त्यांनी वाचलं. "शाबास," म्हणाले. नस, ओठ, वर्ष, यातलं काही मी सांगितलं नाही. मूर्खपणा झाकला तेवढा बरा.

काढण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आई सोबत आली होती, खाली बसून चपलांच्या दुकानातल्या बाईशी मैत्री करत होती. आत पाऊण तास गेला. दुखलं नाही, पण आवाज सगळे ऐकू आले, आणि ते आपल्याच डोक्यात चाललेले असतात हे विचित्र वाटतं. दाढ तीन तुकड्यांत आली. सर्जन म्हणाले, "मुळं नसेवरच होती. महिना-दोन महिने थोडं बधिर राहील. पुढचं पुढे बघू." दाढ घरी न्यायची का विचारलं, मी मानेने नको म्हटलं.

दुसरा दिवस शुक्रवार. मागची शेड बंद, त्यामुळे गल्लीत शांतता. माझा गाल आदल्या दिवसापेक्षा दुप्पट झाला होता. इंजेक्शन केव्हाच उतरलं होतं, पण ओठाची डावी बाजू आणि हनुवटी जागी झाली नव्हती. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर बर्फाची पिशवी गालाला लावून पडले होते. बाबा खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते, पाठ स्वयंपाकघराकडे. आतून आईने, नेहमीसारखं ओट्याकडे तोंड करून, विचारलं, "अहो, तिला पेज करू का दूध-पोळी कुस्करून देऊ?"

"पेजच कर," बाबा म्हणाले. "पातळ. आणि कोमट दे."

मला वाटलं मी गोळीच्या गुंगीत आहे. उठून बसले. बाबांच्या उजव्या कानामागे कातडीच्या रंगाचं ते मशीन होतं. कपाटातल्या डबीत असायला हवं होतं ते.

मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बर्फाची पिशवी एका हातात तशीच. "कधीपासून?" मी विचारलं, आवाज न काढता. त्यांनी लगेच वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर, डबा न खाता परत पाठवल्यावर आईसमोर यायचे तसे भाव आले.

"झालं की वर्ष. जास्तच."

आई पदराला हात पुसत दारात आली. "तुला सांगू नको म्हणाले होते," ती म्हणाली. "दुपारी मागच्या शेडकडची खिडकी लावून घेतो आणि सिरियल बघतो दोघं. तू यायच्या आधी काढून ठेवतात. मी कशाला तुमच्या मुक्या चर्‍हाटात पडू?"

मला इतका राग आला की सुजलेला गाल ठणकायला लागला. हे वर्षभर ऐकत होते. मी वर्षभर गोळ्या खाल्ल्या, एका बाजूने जेवले, चांगली दाढ किडवली, यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी नाही म्हणून. आणि हे इथे बसून सिरियल ऐकत होते. मी सगळं बोलून टाकलं. नस, कागद, बधिर, वर्ष, सगळं. एक अक्षर आवाजात नाही, अर्धा ओठ बधिर, आणि बाबांनी एकदाही "परत सांग" म्हटलं नाही. आपण बोललो आणि ते पोचलं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यांनी कानामागे हात नेऊन मशीन चाचपलं. मग म्हणाले, "मशीन लावलं की कुणी समोर येत नाही."

मी बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"हिचंच बघ," त्यांनी आईकडे हात केला. "तीन दिवसांत ही आतूनच बोलायला लागली. ऐकू येतंय ना, मग कशाला या बाहेर. तूही दार उघडता उघडता, चप्पल काढता काढता बोलली असतीस. बोलली असतीस की नाही?"

बोलले असते. मला खोटं सांगता येणार नाही. शाळेतून आल्यावर अर्धा तास स्टूलवर बसायचा मला कधीकधी कंटाळाही यायचा. मशीन चालतंय हे कळलं असतं तर महिन्याभरात ते स्टूल वरच्या कपाटातले डबे काढायला गेलं असतं.

"मग आज का लावलं?" मी विचारलं. "लपवायचंच होतं तर आज कशाला?"

"तू झोपणार," बाबा म्हणाले. "डोळे मिटून. तोंड सुजलेलं. कण्हलीस तर मला कळायला नको? कण्हणं काही ओठांवर दिसत नाही."

 आई पेज ढवळायला आत गेली. मी दिवाणावर जाऊन पडले, आणि दुपारभर मला बऱ्यापैकी दुखत होतं, तरी कण्हायला संकोच वाटत होता. एकदा नकळत कण्हले असेन. डोळे उघडले तेव्हा बाबा खुर्ची दिवाणाजवळ ओढून बसले होते.

या गोष्टीला आता सात महिने झाले. गाल उतरला, टाके विरघळले, पुढच्या दाढेवर टोपी बसली. ओठ बराचसा जागा झाला. खालच्या ओठाचा डावा कोपरा आणि हनुवटीचा मोठ्या टिकलीएवढा भाग मात्र अजून बधिर आहे. सर्जन म्हणाले, येईल किंवा तसाच राहील, सांगता येत नाही. जेवताना तिथे शीत चिकटलं तर मला कळत नाही, आई सांगते. वर्गात मुलं सांगत नाहीत, हसतात. दाढ काढली याचा पश्चात्ताप आहे का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणते. ठेवल्याचा आहे.

दिवसा बाबा आता उघडपणे मशीन लावतात आणि आईशी भांडतात. इतकी वर्षं तिचं काय काय ऐकायचं राहिलं ते त्यांना आता कळतंय, आणि काही वेळा मला वाटतं, कळलं नसतं तर बरं होतं. संध्याकाळी मी आले की ते मशीन काढून डबीत ठेवतात. मी चप्पल काढते, तोंडातून शब्द काढत नाही, स्टूल ओढते आणि समोर बसून हनुवटीला बोट लावते. नेमकं त्या टिकलीएवढ्या जागेवर. बोट लागलेलं माझ्या हनुवटीला कळत नाही. बाबा पेपर खाली ठेवतात आणि म्हणतात, "हं, बोल."